मेम्ब्रेनवर प्रोजेक्ट केला तर पुढे काय?

सातपूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी केमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिला फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून थेट वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) पॉलिमर मेम्ब्रेनवर, म्हणजे त्यातल्या पातळ पडद्यावर, प्रोजेक्ट करायचा आहे. ‘एवढ्याशा पडद्याच्या अभ्यासावर नाशिकमध्ये तिला नोकरी कोण देणार?’ असं ते विचारतात.

नमस्कार,

काळजी रास्त आहे, पण विषयाला नाही म्हणू नका. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे हवा आणि मधे हा पडदा, बऱ्याचदा ५० मायक्रॉनहूनही पातळ. त्यातून प्रोटॉन गेले पाहिजेत, वायू जाता कामा नये. नॅफिऑनसारख्या पॉलिमरच्या पडद्यात प्रोटॉनला वाट मिळते ती पाण्यामुळे. पडदा सुकला की वीज घटते. पाणी जास्त प्यायला की तो फुगतो, आणि ओल्या पडद्यातून हायड्रोजन जास्त झिरपतो. हा झिरपलेला हायड्रोजन ऑक्सिजनला भेटला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ शकतं, आणि त्यातून निघणारे रॅडिकल (फार क्रियाशील कण) पडद्यालाच पोखरतात. हा तिढा अजून पुरता सुटलेला नाही, म्हणूनच इथे हुशार मुलांना काम आहे.

प्रयोगशाळेत ती पडदा वाळवून तोलेल, पाण्यात भिजवेल, टिपकागदाने वरचं पाणी टिपून पुन्हा तोलेल. जरा रेंगाळलं तर काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. ती शिस्त हाताला लागली की कुठेही कामी येते: औषधांचं पॅकिंग, आरओ मेम्ब्रेन, आपल्या द्राक्षांच्या पेटीतली फिल्म. वायू आणि ओलावा किती आत-बाहेर होतो, हाच तिथलाही प्रश्न.

खुद्द फ्युएल सेलच्या नोकऱ्यांसाठी मात्र नाशिक सोडायची तयारी हवी. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), एआरसीआय या सरकारी संशोधन संस्थेचं चेन्नईतलं फ्युएल सेल केंद्र, भावनगरची सीएसएमसीआरआय (मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था) इथे हे काम चालतं. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने ग्रीन हायड्रोजन मिशनला 19,744 कोटी रुपये मंजूर केले. पाण्यातून विजेने हायड्रोजन वेगळा करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरच्या एका प्रकारातही असाच पडदा लागतो. तरी निव्वळ या बातमीच्या भरवशावर पीएच.डी.चा निर्णय आज घेऊ नका. नेट किंवा गेटची तयारी चालू ठेवू द्या, सुट्टीत यांपैकी एका संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्ज करू द्या.

प्रोजेक्ट नक्की करण्याआधी तिने गाइडना एवढंच विचारावं: वायूची पारगम्यता (पडद्यातून वायू किती झिरपतो ते) मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे का? नसेल तर त्यापायी सेमिस्टर वाया घालवू नये. त्याऐवजी साध्या साधनांनी मोजता येईल ते घ्यावं: पाणी शोषण काट्यावर निघतं, आयन एक्स्चेंज कपॅसिटी (आयनांची अदलाबदल करण्याची पडद्याची क्षमता) ब्युरेटवर.