अवतरणचिन्हांतला मजकूर मेमरीत राहतो कुठे?

सी या प्रोग्रामिंग भाषेत अवतरणचिन्हांत लिहिलेली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, मेमरीत कुठे बसते, हा प्रश्न परीक्षा जवळ आली की सोलापुरातून हमखास येतो, आणि निम्मा गोंधळ झेरॉक्सच्या नोट्सनी वाढवलेला असतो.

प्रश्न : अशी स्ट्रिंग स्टॅकवर असते की हीपवर? (जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्हीकडे नाही. स्टॅक ही चालू फंक्शनपुरती जागा, हीप ही प्रोग्रामने चालताना मागून घेतलेली. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर (प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवणारा) ती सहसा ‘रोडेटा’ या केवळ वाचण्याच्या विभागात ठेवतो आणि प्रोग्राम संपेपर्यंत ती तिथेच असते.

प्रश्न : पॉइंटरमधून (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलातून) स्ट्रिंगचे पहिले अक्षर बदलले. टर्बो सीमध्ये चालते, लिनक्सवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो. सर म्हणतात, लिनक्सचा दोष. (साखर पेठ)

उत्तर : दोष आपल्या ओळीत आहे. टर्बो सी हा कंपायलर डॉस या जुन्या प्रणालीसाठी बनलेला. तिथे मेमरीला राखण नव्हती, म्हणून चुकीचे लिहिणेही निमूट खपून जाई. लिनक्स मात्र रोडेटाची पाने, म्हणजे मेमरीचे ते तुकडे, लिहिण्यास बंद ठेवतो, आणि कोणी लिहू गेले की प्रोसेसर अडवतो व कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोग्राम थांबवतो. सी भाषेच्या मानकानुसार अशा बदलाचा परिणाम अनिश्चित आहे, म्हणजे ‘चालले’ हाही त्यातलाच एक परिणाम, बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. शिवाय सारख्या दोन स्ट्रिंग कंपायलर एकाच जागी ठेवू शकतो. मग एका बिलावरचे ‘सोलापूर’ बदलायला जाल आणि दुसऱ्यावरचेही बिघडेल. बदलायचेच असेल तर अ‍ॅरे (अक्षरांची सलग जागा) घ्या, त्यात मजकुराची स्वतंत्र प्रत येते. नसेल तर पॉइंटरला ‘कॉन्स्ट’ (यातून बदल नको, असे सांगणारा शब्द) लावा, म्हणजे चूक कंपायलरच पकडेल. प्रोग्राम कुठे वापरात असेल, तर हात लावण्याआधी तो जाणकाराला दाखवा.

प्रश्न : ‘सोलापूर’ अ‍ॅरेत ठेवले, तर ‘साइझऑफ’ (किती बाइट लागले ते सांगणारा) सात दाखवेल ना?

उत्तर : नाही, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात २२, काना-मात्रा धरून सात चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट आणि स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य.

प्रश्न : यंत्रमागावर मीटर मोजणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डाच्या पडद्यावर चार महिन्यांपासून मध्येच कचरा उमटतो. विक्रेता मोठा बोर्ड घ्या म्हणतो. (अक्कलकोट रोड)

उत्तर : चार महिने कशाची वाट पाहिलीत? एव्हीआर चिपच्या उनोत (आर३ पर्यंतच्या) रॅम फक्त २ केबी, आणि त्या चिपमध्ये साध्या स्ट्रिंग सुरुवातीलाच फ्लॅशमधून (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीतून) रॅममध्ये उतरतात. रॅम अपुरी पडली की असा कचरा उमटू शकतो. पडद्यावरचे संदेश ‘एफ’ मॅक्रोने फ्लॅशमध्येच ठेवून पाहा; त्याला पैसे पडत नाहीत. तरीही कचरा राहिला तर वायरिंग आणि वीजपुरवठा तंत्रज्ञाकडून तपासून घ्या, बोर्डाचा विचार त्यानंतर.

प्रश्न : पासवर्ड स्ट्रिंगमध्येच लिहिला आहे. कंपाइल झाल्यावर तो दिसत नाही ना?

उत्तर : दिसतो. फाइलवर ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा चालवा, समोर येईल. तो आजच बदला, आणि नवा कुठे ठेवायचा हे सुरक्षेतल्या माणसाला विचारून ठरवा.