हळदीचा पिवळा आणि साठ हजारांचा संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमळनेर तालुक्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ असून लग्नाचे अल्बम, बारशाचे आणि शाळांचे फोटो अशी कामे मी करतो. सध्याचा संगणक दहा-अकरा वर्षांपूर्वीचा आहे. रॅम ८ जीबी, साधी हार्ड डिस्क आणि १९ इंची मॉनिटर. अल्बमची एक शीट उघडायला मिनिटभर लागते, आणि लॅबमधून प्रिंट आले की चेहरे काळपट व हळदीचे फोटो नारिंगी झालेले असतात. नव्या संगणकासाठी साठ हजारांची तजवीज केली आहे. जळगावच्या एका दुकानदाराने आय५-१२४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड आणि रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट असे कोटेशन दिले असून मॉनिटर जुनाच चालेल, असे सांगितले आहे. हे घ्यावे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : या स्वरूपात घेऊ नये. कोटेशनमध्ये वाईट वस्तू एकही नाही, पण ते गेम खेळणाऱ्या मुलासाठी केलेले आहे, अल्बम करणाऱ्या माणसासाठी नाही. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, एक वेगाची आणि दुसरी रंगाची, आणि दुसऱ्या तक्रारीवर या कोटेशनमध्ये एक रुपयाही खर्च झालेला नाही.

म्हणून आधी रंगाचे पाहू. आपला १९ इंची मॉनिटर बहुधा टीएन पॅनलचा, म्हणजे बघण्याचा कोन बदलला की रंग बदलणाऱ्या स्वस्त पडद्याचा, असावा. खात्री करायची असल्यास एखाद्या नवरीचा चेहरा पडदाभर उघडा आणि खुर्चीत ताठ बसून, मग थोडे वाकून, मग उभे राहून पाहा. चेहऱ्याचा रंग प्रत्येक वेळी बदलत असेल, तर आपण इतकी वर्षे कोणत्या रंगावर विश्वास ठेवून काम केले हे सांगणे कठीण आहे. अशा पडद्यांचा पांढरा रंग बऱ्याचदा निळसर असतो. डोळ्याला फोटो थंड वाटतो, म्हणून आपण त्यात ऊब वाढवतो, आणि पडद्याचा तो निळेपणा कागदावर नसल्यामुळे हळदीचा पिवळा नारिंगीकडे झुकतो. काळपट चेहऱ्यांचे कारणही याच जातीचे आहे : दुकानातून आलेला मॉनिटर पूर्ण उजेडावर लावलेला असतो, त्या झगमगाटात फोटो जास्त उजळ दिसतो, आपण तो थोडा दाबतो, आणि लॅब बिचारी आपण दाबलेलाच फोटो इमानाने छापून पाठवते.

यासाठी साठ हजारांतले दहा ते पंधरा हजार सर्वांत आधी मॉनिटरसाठी बाजूला काढावेत. आयपीएस पॅनलचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणारा), किमान २४ इंची आणि एसआरजीबी या नेहमीच्या वापरातील रंगपटलाचा ९९ टक्के भाग दाखवणारा मॉनिटर आपल्या कामाला पुरेसा आहे. खोक्यावर ‘४५ टक्के एनटीएससी’ असे छापलेले दिसले, तर तो एसआरजीबीचे जेमतेम दोन-तृतीयांश रंग दाखवतो असे समजून परत ठेवावा. अ‍ॅडोबी आरजीबीचा (एसआरजीबीहून मोठ्या रंगपटलाचा) महागडा पडदा घेण्याचा मोह नको. बहुतेक लॅब एसआरजीबी फाइलच मागतात, तरी आपल्या लॅबला एकदा फोन करून विचारून घ्यावे. रंग मोजणारे कॅलिब्रेशनचे यंत्र एकट्याला परवडत नसेल, तर तालुक्यातील चार-पाच फोटोग्राफरांनी वर्गणी करून एक घ्यावे, कारण ते महिन्यातून एकदाच लागते. ते येईपर्यंत एक साधा उपाय आहे : मॉनिटरशेजारी ट्यूबलाइटच्या उजेडात कोरा पांढरा कागद धरावा, पडद्यावर कोरी पांढरी फाइल उघडावी आणि पडद्याचा पांढरा कागदाइतका होईपर्यंत ब्राइटनेस उतरवत जावा. सुरुवातीचे दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल, पण पुढच्या अल्बमचे प्रिंट आले की फरक कळेल. प्रिंटमध्ये काळ्या आणि करड्या छटा किती खोलवर दिसू शकतात हे ज्यांना डोळ्याला शिकवायचे असेल, त्यांनी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांची टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेली) छायाचित्रे एकदा प्रत्यक्ष पाहावीत. मोबाइलवर त्यांचे निम्मेही मर्म उतरत नाही.

आता वेग. अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) केली, तर ती ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरल्यास शीट व्यापणारा एकच थर (लेयर) ११७ एमबी मेमरी घेतो. तयार डिझाइनमध्ये फुलांच्या वेली, धूसर पार्श्वभूमी, चौकटी, मुखवटे (मास्क) असे पंधरा-वीस थर सहज असतात, वर फोटोशॉप आपण केलेल्या प्रत्येक बदलाची आठवणही ठेवत असतो. ८ जीबीतले तीन-चार जीबी विंडोजने आणि ब्राउझरने आधीच खाल्लेले असतात. उरलेली जागा भरली की फोटोशॉप डिस्कलाच पाटी समजून तिच्यावर लिहू-पुसू लागते, आणि ती डिस्क जुनी फिरती असेल तर आपल्याला तो मिनिटभर कर्सरकडे बघत बसावे लागते. म्हणून नव्या संगणकातही ८ जीबी रॅम घेणे म्हणजे जुनेच दुखणे नव्या कॅबिनेटमध्ये नेऊन ठेवण्यासारखे आहे. १६ जीबी ही किमान मर्यादा समजावी. ३२ जीबी मिळाली तर उत्तमच, पण २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, तेव्हा आज १६ जीबीची एकच पट्टी घेऊन मदरबोर्डवर दुसरी जागा रिकामी ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. दोन पट्ट्यांनी थोडा वेग जास्त मिळतो हे खरे, पण दोनच जागांच्या बोर्डवर दोन्ही भरून टाकल्या की पुढे वाढवताना आहेत त्या काढाव्या लागतात.

ग्राफिक कार्ड काढून टाका. ते काढताना एका अक्षराकडे मात्र नीट लक्ष द्या : आय५-१२४००एफ मधला ‘एफ’ याचा अर्थ त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही. मी स्वतः एकदा या अक्षरापायी एका दुकानात दोन खेपा घातल्या आहेत. आपल्याला बिन-एफचा आय५-१२४०० घ्यायचा आहे, किंवा त्याऐवजी रायझन ५ ५६००जी. दोन्हींत सहा कोअर आणि अंगभूत ग्राफिक आहे. रंग दुरुस्त करणे, कापणे, चेहऱ्यावरचे डाग काढणे आणि शीट रचणे ही आपली रोजची कामे त्यावर आरामात होतात. अडते ते एका ठिकाणी. फोटो सुधारण्याच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून आलेले एआयचे डीनॉइज (अंधारातल्या फोटोंतील दाणे काढणारी सोय) सगळा भार ग्राफिक कार्डावर टाकते, आणि अंगभूत ग्राफिकवर एकेका फोटोला काही मिनिटे लागतात. रात्रीच्या वरातीचे निवडक वीस-पंचवीस फोटो असतील, तर जेवायला जाताना काम लावून जावे. शेकडो फोटोंना रोज ते लागत असेल, तेव्हाच कार्डाचा विचार करावा, आणि तोही ८ जीबीच्या कार्डाचा. त्यासाठी आजच एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा घ्यावा, म्हणजे पुढे कार्ड बसवताना तो बदलावा लागणार नाही. कोटेशनमध्ये एसएमपीएसचे नाव लिहिलेलेच नाही हे आपल्या लक्षात आले का? जिथे नाव नसते तिथे कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा असतो.

५१२ जीबीची एसएसडी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या, जास्त वेगवान) प्रकारची असेल तर ठीक आहे, पण ती फक्त चालू कामासाठी. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल २५ एमबीच्या आसपास धरली, तर तीन हजार फोटोंचे एक लग्न ७५ जीबी होते आणि वीस लग्नांच्या हंगामाला दीड टीबी लागतात. म्हणून सोबत २ टीबीची साधी हार्ड डिस्क आत बसवावी आणि तेवढीच एक बाहेरची घेऊन ती स्टुडिओत न ठेवता घरी ठेवावी. ग्राहकाला अल्बम पोहोचेपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

आपल्या भागातील उन्हाळ्याचा विचार दुकानदार करत नाही, तो आपल्याला करावा लागतो. लग्नाचा हंगाम आणि ४४-४५ अंशांचा पारा खानदेशात एकदमच येतात. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि खोलीच ४० अंशांवर असेल तर त्याला तापायला फारसा वेळ लागत नाही. त्यामुळे समोर काच असलेले दिव्यांचे कॅबिनेट नको; समोर जाळी, तिच्यामागे धुऊन लावता येणारा धुळीचा फिल्टर आणि दोन चांगले पंखे असलेले साधे कॅबिनेट घ्यावे. कूलरच्या झोतात संगणक ठेवण्याची पद्धत बऱ्याच स्टुडिओंत दिसते, ती चुकीची आहे, कारण दमट हवेत धूळ पंख्यांच्या पात्यांवर चिखलासारखी बसते. कूलरची हवा आपण घ्यावी, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर, झोताच्या बाहेर ठेवावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा संगणकाचा नसून अर्थिंगचा असतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओतावे. यूपीएस घ्यावाच. तो काम चालू ठेवण्यासाठी नाही, वीज गेल्यावर फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ मिळावा यासाठी आहे.

शेवटी, फोटोशॉप आणि लाइटरूमचे भाडे दरवर्षी भरावे लागते, ते साठ हजारांच्या बाहेरचे धरा. कुणी पेनड्राइव्हवरून ‘फुकट’ घालून देतो म्हणाला तर नको म्हणावे, कारण त्या फायलींबरोबर काय येते याचा भरवसा नसतो आणि आपल्या डिस्कवर लोकांच्या लेकींचे फोटो असतात. भाडे जड जात असेल तर रॉ फायलींसाठी डार्कटेबल आणि पुढच्या कामासाठी गिंप ही दोन्ही मोफत व कायदेशीर आहेत. हात बसायला एक हंगाम जातो, एवढेच.

प्रश्न : शहाद्यात एक जण आय७ प्रोसेसरचा, १६ जीबी रॅमचा वापरलेला संगणक बारा हजारांत देत आहे. ‘आय७ आहे, आय५ पेक्षा वरचाच,’ असे तो म्हणतो. फोटोंच्या कामाला चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : आय७ हे घराण्याचे नाव झाले, पिढी कोणती ते विचारा. नावापुढचा आकडा ४७७० असा असेल तर ती चौथी पिढी, २०१३ सालची. त्यानंतर आलेला बाराव्या पिढीचा आय३ सुद्धा तिच्यापेक्षा वेगवान आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा तिच्यापुढची पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आकडा ८७०० किंवा त्याहून पुढचा असेल, एसएसडी असेल आणि समोर दोन तास चालवून दाखवला तर बारा हजारांना सौदा वाईट नाही. चौथी पिढी असेल तर पाच हजारांनाही घेऊ नये.

प्रश्न : मी धुळ्यात कला महाविद्यालयात शिकतो आणि लग्नपत्रिका व फोटोंची कामेही घेतो. मॅक मिनी स्वस्त झाल्याचे ऐकले. साठ हजारांत तोच घ्यावा का?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा त्याची भारतातील सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती, आणि त्या पैशांत १६ जीबी मेमरी मिळते. फोटोंच्या कामात तो याच किमतीच्या बहुतेक विंडोज संगणकांच्या पुढे आहे, डीनॉइजसुद्धा त्यावर पुष्कळ लवकर होते, वीज कमी खातो आणि धुळ्याच्या उन्हाळ्यातही फारसा कुरकुरत नाही. पण साठ हजार तिथेच संपतात. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे. सुरुवातीच्या मॉडेलची साठवण फक्त २५६ जीबी, म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच. आणि मेमरी पुढे वाढवता येत नाही. एकूण पंच्याहत्तर-ऐंशी हजारांची तयारी असेल तरच या वाटेला जावे.

पत्रिकेच्या कामामुळे आणखी एक अडचण आहे. छापखान्यांत वर्षानुवर्षे चालत आलेले जुने मराठी टायपिंग सॉफ्टवेअर विंडोजवर बेतलेले असते, आणि ज्या छापखान्याला आपण फाइल देता तो त्याच अक्षरांत ती मागणार. त्या छापखान्यात आधी जाऊन युनिकोड मराठीतली पीडीएफ चालेल का ते विचारा; चालत असेल तर मॅकला हरकत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ‘श्री गणेशाय नमः’ लिहिताना जोडाक्षरे फुटत असतील तर दोष फाँटचा नाही : टाइपच्या पसंतींमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडून नवी फाइल उघडा. हे मॅक आणि विंडोज दोन्हींवर सारखेच आहे, तेव्हा मित्राच्या संगणकावर आजच करून पाहता येईल.