नायगाव ते लोअर परळ, २५ डबे, एक काळी सायकल

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे बहिणीचं पोळीभाजी केंद्र नायगावला (दादरजवळच्या), २५ डबे साडेबारापर्यंत लोअर परळच्या ऑफिसांत टाकायचे, सेकंडहँड काळी सायकल (जुन्या धाटणीची, रॉड ब्रेकवाली) घेऊन झालीय आणि तुला विचारायचंय की अर्ध्या तासात कसं उरकेल आणि तिला मोटरचं इलेक्ट्रिक किट टाकू का. मी अकरा वर्षं परळ-लालबाग-दादर पट्ट्यात सायकलवर माल टाकतोय, आधी बेकरीचा पाव, आता दूध आणि ब्रेड. डबे कधी नेले नाहीत, वजन रोज नेतो, त्या जोरावर लिहितोय.

पहिलं म्हणजे अर्धा तास हा हिशोब तू रस्त्यावर मांडतोयस तिथेच चुकतंय. अंतर धर चार किलोमीटर. १२ च्या स्पीडने गेलास तर २० मिनिटं, जीव काढून १५ ने गेलास तर १६. वाचली किती, चार मिनिटं, आणि ती भारतमाताचा सिग्नल एका झटक्यात खातो. खरा वेळ जातो बांधताना, सोडताना आणि गेटवर, वॉचमनचं रजिस्टर, सर्व्हिस लिफ्टची रांग, मॅडम मीटिंगमध्ये आहेत थांबा. तिथे डोकं चालव. रस्त्यावर आरामात जा.

आता वजन. भरलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा दीड-दोन किलोला जातोच, म्हणजे २५ डबे ४०-५० किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो (१४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड), त्यावरून अंदाज घे. काळी सायकल हे वजन उचलते, तिचं मागचं चाक मुळात त्यासाठीच बनवलेलं, पुढे ३२ तारा आणि मागे ४०, उगाच नाही. पण सेकंडहँड आहे तर आधी मागचं चाक उचलून फिरव, रिम डावी-उजवीकडे लचकत असेल तर मेकॅनिककडून आउट काढून घे, म्हणजे चाक सरळ करून घे, आणि प्रत्येक तार बोटाने छेडून बघ, एखादी सैल लागली तर आजच कसून घे, कारण वजनाखाली एक तार तुटली की तिच्या शेजारच्या पण फार दिवस टिकत नाहीत.

बांधण्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण इथेच नवीन माणूस मार खातो. सगळ्यात जड डबे खाली आणि सीटला चिकटून, हलके वर आणि मागे. लोक काय करतात, कॅरिअरवर मोठा क्रेट टाकतात, तो अर्धा मागे बाहेर लोंबतो आणि त्यात मागूनच भरत सुटतात. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या मागे गेलं की हँडल हलकं पडतं. माझं पहिल्याच वर्षी झालंय. पावाचे ट्रे म्हणून हलकं वाटलं म्हणून त्यांच्या मागे साखरेची गोणी टाकली बेकरीवाल्याने, आणि करी रोडच्या पुलाच्या चढाला उतरून ढकलायला लागलो तर पुढचं चाक वीतभर वर. अक्षरशः हवेत. हँडल धरून लोंबकळतोय मी, मागे बस हॉर्न मारतेय, शेवटी एका टॅक्सीवाल्याने उतरून हँडलवर भार दिला तेव्हा चाक टेकलं. पाव सगळा वाचला, इज्जत गेली. तेव्हापासून निघायच्या आधी हँडल एकदा उचलून बघतो, सहज उचललं गेलं तर सगळं सोडून परत बांधतो, दहा मिनिटं गेली तरी.

बांधायला सुतळी नको, ती सैल होते आणि पावसात फुगते. पंक्चरवाल्याकडून बाद झालेली ट्यूब माग, लांब पट्ट्या कापून घे, ताणून बांधलं की खड्ड्यात आपटलं तरी पकड सोडत नाही. आणि स्टँडवर लावून भरताना एकाच बाजूने भरत बसू नको, दोन इकडे दोन तिकडे, नाहीतर सायकल स्टँडसकट कलंडते आणि वरण आधी रस्ता बघतं.

हँडलला डबे लटकवायचं लिहिलंयस ते डबेवाल्यांचं बघून असेल. ते लोक १८९० पासून हा धंदा करतायत, त्यांचं बघून शीक पण पहिल्या दिवशी नक्कल करू नको. लटकलेला डबा झुलतो आणि वळताना हँडलला हिसका देतो, त्याची हाताला सवय लागायला वेळ जातो. पहिले दोन महिने हँडल मोकळं.

ब्रेक. वजन घेऊन चालवायला कोणीही चालवेल, थांबवता आली पाहिजे. १५ च्या स्पीडला सायकल सेकंदाला चार मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबायचं तुझ्या डोक्यात येईपर्यंतच एक टॅक्सीभर अंतर संपलं, आणि स्पीड दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. काळ्या सायकलचे रॉडवाले ब्रेक लोखंडी रिमवर घासतात, कोरड्यात ठीक, ओल्यात निम्मे पण लागत नाहीत. पावसात सिग्नल यायच्या बरंच आधीपासून हलके दाबत राहायचं म्हणजे रिम पुसली जाते, मग जोर द्यायचा. रबर झिजून पातळ झाले असतील तर घालून टाक नवीन, त्यात कंजूसपणा करू नको. दोन्ही ब्रेक एकत्र दाब, नुसता मागचा दाबून ५० किलो लवकर थांबत नाही.

गिअर नाहीत तर मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं, चेन बसते ते दातेरी चक्र) बघ किती दातांचं आहे, बहुतेक १८ चं असेल. मेकॅनिकला सांग २० किंवा २२ चं टाक. सपाटीवर पाय थोडे जास्त फिरतील पण सिग्नलवरून उठताना गुडघे वाचतील, आणि तुझ्या रस्त्याला सिग्नलच सिग्नल आहेत. हवा दर सोमवारी आणि गुरुवारी फुल, टायरवर आकडा लिहिलेला असतो तेवढी. कमी हवेत सायकल जड जाते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून फाटते. चेनला आठवड्याला तेल आणि वरचं फडक्याने पुसून काढ, नाहीतर सिमेंटची धूळ बसून चेनचा पॉलिश पेपर होतो. सीट अशी ठेव की बसल्या बसल्या एक पाय जमिनीला टेकेल. रिकाम्या सायकलला हे नियमाने चुकीचं आहे, भरलेल्या सायकलला बरोबर.

रस्ता. नायगावातून आंबेडकर रोडला लाग, हिंदमाता, परळ, भारतमाता, तिथून करी रोड पूल, शिंगटे मास्तर चौक, ना. म. जोशी मार्ग. फ्लायओव्हरवर चढू नको, खालूनच जा. प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यापासून सगळा लोंढा टिळक पूल आणि करी रोडवर आलाय, त्यामुळे करी रोडला तुझ्या वेळेला कुठली दिशा चालू असते ते आधी रिकाम्या हाताने जाऊन बघ, तिथल्या हवालदाराला विचार, ते सांगतात. चढाला अर्ध्यात दम लागून उतरू नको, गाड्यांच्या मध्ये अडकशील. चढ सुरू व्हायच्या आधीच उतर आणि ढकल, त्यात लाज कसली, सगळे ढकलतात.

डावीकडून जायचं पण गटाराला चिकटून नाही. उभ्या टॅक्सीपासून एक दार उघडेल एवढी जागा सोड, मागच्या सीटवरचा पॅसेंजर आरसा बघत नाही, दार फेकतो. आणि ट्रक किंवा बेस्टच्या डाव्या बाजूने, क्लीनर साइडने, कधीही घुसू नको. ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस, आणि मोठी गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं आत कापतात. सिग्नलला थांबलास तर मागे थांब किंवा एवढा पुढे जा की त्याच्या काचेतून तुझं तोंड दिसेल. बस स्टॉपला आली की तिच्या डावीकडून काढायचं नाही, लोक उतरत असतात, त्यांच्या घाईपुढे तुझी घंटी कोण ऐकतो. हेल्मेट घाल, कायदा विचारत बसू नको.

काँक्रीट आणि डांबर जिथे भेटतात तिथे दोन-दोन इंचाची पायरी असते, ती तिरकी घेऊ नको, चाक सरळ काटकोनात घे, नाहीतर टायर कडेला घासत जातं आणि तू आडवा. पेव्हर ब्लॉक आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा ओल्या असल्या की त्यावर ब्रेक पण नाही आणि वळण पण नाही. पहिल्या पावसात तर सगळाच रस्ता तेलकट असतो.

हिंदमाताला आता जमिनीखाली टाक्या केल्यात, पाणी पूर्वीएवढं थांबत नाही, तरी जोराच्या पावसात तुंबलेलं दिसलं तर आत घालू नको. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीत एक मोठे डॉक्टर चालत घरी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून वारले, आठवत असेल. डबे उशिरा गेले तर जाऊदेत, बहिणीला फोन करायला लाव. गणपतीत लालबागची दहा दिवस वेगळी सोय बघ, तिथून सायकल जाणार नाही, मुंगी जाईल कदाचित.

किटचं विचारलंस. २५० वॅटच्या आत, २५ च्या स्पीडच्या आत आणि टेस्टिंग एजन्सीने पास केलेली तयार ई-सायकल असेल तर लायसन्स-नंबरप्लेट लागत नाही. बाजारातली मोठी मोटर जुन्या सायकलला बसवलीस की ती गाडी झाली आणि पकडलं तर ऐकून घ्यावं लागेल. माझं मत, सहा महिने थांब. रॉड ब्रेकवर मोटर म्हणजे पळायला वाघ आणि थांबायला कासव.

आणि गेटचं. डबे बिल्डिंगप्रमाणे लाव, जी बिल्डिंग शेवटची ती सगळ्यात खाली. प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगाची खूण कर, नाव वाचत बसू नको. वॉचमनशी पहिल्या आठवड्यात ओळख काढ, चहा पाज, त्याच्या टेबलावर डबे ठेवायची परवानगी मिळाली तर तुझी लिफ्टची पंधरा मिनिटं तिथेच वाचली.

सोमवारपासून सुरू करतोयस ना, तर या रविवारी बरोबर साडेअकराला २५ डबे पाण्याने भरून तसेच बांध आणि लोअर परळपर्यंत जाऊन ये. सांडलं तर पाणीच सांडेल, आणि कुठला डबा सुटला ते बघून पट्टी कुठे घट्ट करायची ते कळेल. इथे येऊन सांग किती सांडलं.