दर्ग्यात दारूचं गाणं काऊन?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या दर्ग्यावर कापूस घरात आला की उरूस भरते. यंदा कव्वाल रात्रभर साकी अन् शराब गाऊन रायला होता, अन् दारूला कधी हात न लावलेले म्हातारे वाहवा करत होते. मी भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. देवाच्या दारी हे काऊन चालते? कोणी म्हणते हे फारसीतून आलं. (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, फारसीतूनच आलं, अन् तुमचा प्रश्नही तिथलाच आहे. १३१७ साली इराण-अफगाणिस्तानाकडच्या खोरासानातून शबिस्तरी नावाच्या सूफीकडे असेच प्रश्न लिहून आले होते, की शराब, शमा, सुंदर मुखडा याचा अर्थ तरी काय, अन् त्यानं सगळी उत्तरं कवितेतच दिली, तेच त्याचं ‘गुलशन-ए-राज़’. तेव्हापासून दारू म्हणजे प्रेमाची धुंदी अशी यादीच लोकांनी पाठ करून टाकली. मला मात्र ही यादी पटत नाही, कारण फारसी कवी हाफ़िज़ आपल्या संग्रहाच्या पहिल्याच गझलेत म्हणतो की गुरूनं सांगितलं तर नमाजाची चटई दारूत रंगव, आता इथं दारूच्या जागी प्रेम टाकलं की गेला ना झटका! ती गझल सुरूही अरबी ओळीनं होते, दुसऱ्या ओळीला फारसी.

पण खरी गंमत रूमी या फारसी सूफी कवीची. आपल्याला शाळेत ‘ननमयय’ पाठ करून मालिनी वृत्त ओळखायला लावायचे ना, तसं फारसी-अरबीत वृत्ताचं माप सांगायला ‘मुफ्तइलुन’सारखे शब्द असतात, त्यांना तिथं काही अर्थ नसतो, ते नुसतं माप. रूमी एका गझलेत वैतागून तेच माप ओळीत घालतो, ‘मुफ्तइलुन मुफ्तइलुन मुफ्तइलुन कुश्त मरा’, म्हणजे या मापानं मारून टाकलं मला, अन् बदमाशी पहा, ‘कुश्त मरा’ हे शब्दही त्याच मापात बरोब्बर बसतात. तुमच्या बुवांनी अभंगाच्या मधातच ‘धा धिं धिं धा, या ठेक्यानं जीव घेतला’ म्हणावं अन् खंजिरीचा एक ठोका चुकू नये, तसं. याच माणसानं हजारो गझला लिहिल्या अन् कित्येकींच्या शेवटी स्वतःलाच ‘खामुश’ म्हणजे गप्प म्हणून घेतलं!

आपल्याकडं मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळतेच की, तिथं आपण काऊन विचारत नाही.

अजून एक अडचण सांगतो. फारसीत तो अन् ती दोघांनाही ‘ऊ’च. त्यामुळं येणारा देव आहे, गुरू आहे का एखादी पोरगी, कवीला सांगावंच लागत नाही. मागं मी एका गझलेचं मराठी करायला बसलो तर पहिल्याच ओळीत अडकलो, ‘आला’ लिहू का ‘आली’. वही अजून तशीच पडली आहे.