बेळगावच्या पावसाळ्यात स्प्लिट एसी लावल्याने घरातली हवा शुद्ध होते का?

नाही, दमटपणा कमी होतो, पण हवा शुद्ध होत नाही. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेतच नाही. खोलीतलीच फिरवतो, आणि त्याची जाळी फक्त जाडी धूळ अडवते. टिळकवाडी-शहापुरात सर्व्हिसिंगला जातो तेव्हा जुलैत जाळी काढली की बोटाला ओला काळा थर लागतो. वर लोक वास जावा म्हणून अगरबत्ती लावतात, म्हणजे अजून धूर! ड्राय मोडवर आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली तर भिंतीवर बुरशी सहसा धरत नाही. जाळी पंधरा दिवसांनी धुवा, सावलीत वाळवा. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघड्या ठेवा. मात्र बंबाचा धूर आत येत असेल, तर एसी विसरा, आधी धुराडं नीट करून घ्या.