गोव्यात घर बांधतोय. बाथरूम मन शांत करणारं, प्रसन्न वाटेल असं कसं करावं?

आधी हवा खेळती ठेवा, सजावटीचं नंतर बघू. जूनपासून चार महिने इथे भिंतीसुद्धा घामेजतात. कोंदट, बुरशीच्या वासाच्या बाथरूममध्ये कसली आलीय शांतता? खिडकी शक्यतो बाहेरच्या भिंतीला, छताजवळ आणि जमेल तेवढी रुंद घ्या. जोडीला एक्झॉस्ट फॅन हवाच. जुन्या गोवेकर घरांत शिंपल्यांच्या तावदानांतून जो मऊ उजेड येतो, तो दुधी काचेनेही बराचसा साधतो. आडोसा राहतो तो वेगळाच.

फरशी खडबडीत मॅट घ्या. चकचकीत टाइल दुकानातच छान दिसते, ओल्या पायांना नाही. उतार मीटरला एक सेंटीमीटरच्या आसपास आणि तोही जाळीकडेच. टाइल लागल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात थारोळं राहिलं तर गवंड्याला तिथेच थांबवा. वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर नको.

समुद्र जवळ असेल तर नळ, बिजागऱ्या, टॉवेलचा दांडा यांना खारा वारा खातो. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड जास्त टिकतो.

दिवा ३००० केल्विनच्या आतला, पिवळसर. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

रंगासाठी एकच भिंत पुरे. पणजीच्या मळा भागात घरांच्या नावाच्या पाट्यांवर दिसतात तशा निळ्या-पांढऱ्या आझुलेजु (पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या) टाइल्स आरशामागे लावा, बाकी सगळं साधं. चारही भिंतींवर नक्षी केली तर डोळ्यांना विसावा कुठे? कोपऱ्यात मनी प्लांट चालेल. आजीचं तांब्याचं भाण (अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) माळ्यावर पडलं असेल तर तेही खाली काढा.