हायब्रिड इनोव्हा हायक्रॉस घ्यावी का?

आधी तुमचं रोजचं रनिंग बघा, मग शोरूमला जा. पुण्यात औंधहून हिंजवडीला ट्रॅफिकमधून जाणं-येणं असेल, तर स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत नुसत्या इलेक्ट्रिक मोटरवरही चालू शकणाऱ्या गाडीला, तोड नाही. ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते, ट्रॅफिकच्या रांगेत इंजिन बहुतेक वेळ बंद राहतं, गाडी मोटरवर सरकते. प्लग लावायची भानगड नाही. पण गाडी मुख्यतः एक्स्प्रेसवेवरच पळणार असेल, तर हा फायदा बराच घटतो.

हिशोब कागदावर मांडा. समजा वर्षाला १५,००० किमी. साध्या पेट्रोलला १२ आणि हायब्रिडला १८ चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर सुमारे ४१७ लिटर वाचतात. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाला जेमतेम ४२ हजार. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक त्याने भागा. उत्तर आठ-नऊ वर्षं आलं आणि तुम्ही पाच वर्षांत गाडी बदलणारे असाल, तर माझ्या मते साधं पेट्रोल घ्या. रीसेलचा भाव मात्र वेगळा धरा.

बॅटरीला फार घाबरू नका, फक्त वॉरंटीच्या अटी लेखी घ्या.

आणि टेस्ट ड्राइव्हला आई-बाबांना न्याच. तिसऱ्या रांगेत त्यांना स्वतः चढू-उतरू द्या, मग तिन्ही रांगा उभ्या ठेवून डिकीत बॅगा लावून बघा. हायक्रॉस ४७५५ मिमी लांब आहे. जुन्या सोसायटीचं पार्किंग टेपने मोजल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका.